वेताळाचे सुटे अंक

मराठीतील भाषांतरित वाङ्मयाचा विचार करताना आपण ज्या सूचींचा आधार घेतो, त्यांच्याविषयी कृतज्ञ राहूनच एक तक्रार नोंदवावीशी वाटते. शंकर गणेश दाते यांनी एकहाती सिद्ध केलेली 'मराठी ग्रंथसूची' १९५० या वर्षापाशी थांबते. दाते, काळे व बर्वे यांची नियतकालिकांची सूचीही तेथेच थांबते. हा त्या सूचिकारांचा दोष नव्हे. परंतु त्यानंतरच्या काळाविषयी लिहिणाऱ्या आम्हां टीकाकारांनी मात्र एक सोयीची समजूत करून घेतली आहे. जे सूचीत नाही, ते वाङ्मय नाही. आणि जे ग्रंथालयाच्या फळीवर नाही, ते वाचले गेलेच नाही! मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या चालकांनी, 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रमालिका काढली. १९९० साली ती बंद पडली. इंग्रजीखेरीज हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतूनही ती निघत असे. या सव्वीस वर्षांत मराठी मुलांनी जेवढे भाषांतरित गद्य या अंकांतून वाचले असेल, तेवढे दुसऱ्या कोणत्या एका ठिकाणाहून वाचले असेल असे मला वाटत नाही. तरीही त्या गद्यावर चार ओळींची टीका लिहावयाची म्हटले, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो रसविचाराचा नव्हे, तर अंक मिळवावयाचे कोठून हा.

मिळविण्याचा हा उद्योग मी काही वर्षे केला. मुंबईत फोर्टातील पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक, दिल्लीत दर्यागंजचा रविवारचा बाजार, असा त्याचा नकाशा सर्वांच्या परिचयाचा आहे. चेन्नईचे मूर मार्केट १९८५ मध्ये जळाले. तेथे काय होते आणि काय गेले याची आता गणती होणे नाही. रद्दीवाला वजनावर घेतो आणि नगावर विकतो. संग्राहक क्रमांकावर घेतो आणि स्वच्छतेवर किंमत ठरवितो. या दोघांच्या मध्ये टीकाकाराला जागा नाही, कारण त्याला हवा असतो तो मजकूर, आणि मजकुराचा भाव कोणीच सांगत नाही. संग्राहकांचे ऋण मात्र मान्य केलेच पाहिजे. इंग्रजी मालिकेतील १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत, पुढे सलग क्रमांकांची रीत सोडून खंड व अंक अशी गणना सुरू झाली, एकूण ८०३ अंक प्रसिद्ध झाले, हे सारे शोधून काढले ते त्यांनी. एखाद्या विद्यापीठाने नव्हे. न निघालेल्या दोन अंकांच्या शोधात कित्येकांनी वर्षे घालविली असतील. पाठचिकित्सेचे शास्त्र आम्ही वर्गात शिकवितो आणि त्याचा खरा अभ्यास पदपथावर चालतो!

एका मोठ्या ग्रंथालयात मी या मालिकेच्या मराठी अंकांची चौकशी केली, तेव्हा तेथील गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने विचारले, "मुलांच्या विभागात पाहिलेत का?" मुलांच्या विभागात सांगण्यात आले की फाटके अंक वेळोवेळी काढून टाकतात. ग्रंथ-प्रदान कायदा १९५४ साली झाला, १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मद्रासचे कॉनेमरा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांच्याकडे प्रकाशकाने प्रत पाठवावी असा दंडक आहे. चित्रमालिकेचा अंक मात्र धड पुस्तक नाही आणि धड वृत्तपत्रही नाही. तो या दोहोंमधील फटीत पडला असावा, असे माझे अनुमान आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. या मालिकेच्या अग्रस्थानी होता ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला 'फॅन्टम'. पहिले बत्तीस अंक केवळ त्याचेच होते. मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन इत्यादी मंडळी नंतर आली, आणि आबिद सुरती यांचा भारतीय बहादूर तर १९७६ मध्ये आला. चाच्यांनी मारलेल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून सोळाव्या शतकात एकाने शपथ घेतली. त्याचा मुलगा, नातू, पणतू असे एकवीस पिढ्या तोच वेष धारण करीत आले. म्हणून अरण्यातील लोक त्याला अमर समजतात आणि 'चालणारे भूत' म्हणतात. मराठी अनुवादकाने या नायकाचे नाव ठेवले 'वेताळ'. माझ्या मते हा एक शब्द म्हणजे त्या दोन-तीन दशकांतील मराठी अनुवादातील अत्यंत भाग्यवान निवडींपैकी एक होय. ती कोणी केली, हे मात्र अंकावरून कळत नाही. माझ्या हाती आलेल्या एकाही अंकावर अनुवादकाचे नाव नाही. बंगालीत 'टिनटिन'चा अनुवाद नीरेंद्रनाथ चक्रवर्तींसारख्या अकादमी-पुरस्कारप्राप्त कवीने केला आणि वाचकांना ते ठाऊक आहे. आमच्याकडे ते काम अनामिक राहिले.

हिंदीतही हाच शब्द आहे, मग मराठीचे विशेष ते काय, असा आक्षेप येईल. विशेष आहे. हिंदी वाचकाच्या मनात 'वेताल' म्हटले की प्रथम येतो तो विक्रमाच्या पाठीवरचा, झाडाला लोंबकळणारा, गोष्ट सांगून निसटणारा. तमिळमध्ये तर त्या 'वेदाळम्'ची एक म्हणच आहे: ते पुन्हा शेवग्याच्या झाडावर चढले म्हणजे माणूस पुन्हा मूळ पदावर आला! अशा थट्टेच्या प्राण्याला नायक करणे कठीण. म्हणूनच की काय, तमिळमध्ये आदरार्थी प्रत्यय लावून 'वेदाळर्' असे त्याला घडवावे लागले, आणि पुढे 'राणी कॉमिक्स'ने ते नाव सोडून 'मायावी' हे नाव घेतले. (तमिळ मुलांच्या पदरात त्यामुळे दोन मायावी पडले, कारण १९७२ मध्ये शिवकाशीच्या 'मुत्तु कॉमिक्स'ने आपला पहिला अंक ज्या पोलादी हाताच्या इंग्रज नायकाला वाहिला, तोही 'इरुंबुक्कै मायावी'च.) बंगाल्यांनी 'अरण्यदेव' हे नाव काढले. ते सुंदर आहे, पण त्यात भूत उरले नाही.

मराठीत वेताळ पंचविशीतला आहेच. पण त्याहून जुना आणि त्याहून जिवंत असा दुसरा वेताळ कोकणात व गोव्यात आहे. तो ग्रामदैवत आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीस वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण रात्री गावाच्या रक्षणासाठी तो फेरी घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. भुतांचा राजा, परंतु गावाचा राखणदार. दिसत नाही, परंतु चालतो. 'चालणारे भूत' या इंग्रजी बिरुदाला याहून नेमका प्रतिशब्द कोणत्या भाषेला सापडला असता? अनुवादकाने कोश उघडला नाही. गावची वेस आठवली.

परंतु येथेच थांबलो तर ती टीका न होता कौतुक होईल. इंग्रजी नावात एक उघड लबाडी आहे. 'फॅन्टम' म्हणजे भास. वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असते की हे भूत नसून भुताचे सोंग आहे, आणि सोंगावर विश्वास ठेवतात ते भोळे अरण्यवासी. वाचक नायकाच्या बाजूला असतो, अरण्यवासी पलीकडे. मराठीत 'वेताळ' म्हटल्याबरोबर वाचक नकळत पलीकडे जातो, त्या अरण्यवासीयांमध्ये जाऊन बसतो. कारण तेही वेताळाला मानणारे आणि हाही. कथेचे बूड असे एका शब्दाने हलते, ही वाङ्मयदृष्ट्या मोठी गोष्ट आहे. मात्र तिची किंमतही मोजावी लागते. मूळ कथेत एक गोरा पुरुष काळ्या लोकांच्या अरण्यावर पिढ्यान्पिढ्या सत्ता गाजवितो आणि ते त्याला देव मानतात, ही जी वसाहतवादी कल्पना आहे, तिला मराठी नावाने शेंदूर फासला. परका धनी आपल्या वेशीवरचा राखणदार झाला. अनुवाद जितका यशस्वी, तितका तो दोष अदृश्य. मी स्वतः दहाव्या वर्षी हे अंक वाचले तेव्हा त्या अरण्यवासीयांचा रंग माझ्या ध्यानीही आला नव्हता; ते मला आपलेच वाटत, आणि वेताळही आपलाच वाटे.

संपादकांना परकेपणाची जाणीव नव्हती असे नाही. मूळचे 'बेंगाला' हे नाव बंगालची आठवण करून देते म्हणून भारतीय आवृत्तीत ते 'डेंकाली' झाले; 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले; 'रामा' नावाचा खुनी 'रामालू' झाला. वाचक दुखावू नये एवढाच त्यांतला हेतू. ज्या ठिकाणी भारतीय माणूस खलपुरुष होता तेथे नावे पुसली, आणि ज्या ठिकाणी गोरा माणूस देव होता तेथे आपले नाव दिले! या दोन क्रिया एकत्र पाहिल्याखेरीज या अनुवादाचा न्याय करता येणार नाही. आणि त्या एकत्र पाहावयाच्या तर अंक ओळीने हाती हवेत.

शैलीविषयी थोडे. चित्रातील संवादाचे फुगे काढलेले असतात ते इंग्रजी मजकुराच्या मापाने. देवनागरीला ओळीच्या वर वेलांट्या-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. तेव्हा त्याच फुग्यात ओळी कमी बसतात. परिणामी मराठी वाक्य आखडते. क्रियापद गळते, कर्ता गळतो, उरतो तो हुकूम किंवा उद्गार. या सक्तीच्या संक्षेपाने कधी भाषा खडखडीत झाली, कधी चमकली; पण एवढे खरे की त्या वेळच्या मराठी बालवाङ्मयातील ऐसपैस, उपदेशप्रिय वाक्यापेक्षा हे वाक्य फार निराळे होते.

हे सर्व मी तुटपुंज्या अंकांवरून बोलत होते. मग, तमिळमधून मराठीत अनुवाद करण्याच्या माझ्या कामानिमित्त कुंभकोणमला जाणे झाले असता, एका स्नेह्याने सांगितले की जवळच इन्नंबूरला एका रायर कुटुंबात मराठी चित्रकथांचा गठ्ठा आहे. 'रायर' म्हणजे त्या प्रांतातले मराठी भाषिक देशस्थ. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी तंजावरास गादी स्थापिली, तेव्हापासून स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या परंपरेतले. घरात मराठी बोलतात, जिच्यात जुने मराठी प्रत्यय आणि तमिळ शब्द शेजारी नांदतात. लिहितात मात्र तमिळ लिपीत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीची हस्तलिखिते हजारोंनी आहेत. ती वाचू शकणारे त्यांच्या वारसांच्या घरांतून फारसे उरलेले नाहीत.

इन्नंबूर हे कावेरीच्या खोऱ्यातले भातशेतीने वेढलेले लहान गाव. त्याची ख्याती आहे ती एळुत्तरिनादर या शिवस्थानामुळे. अप्पर आणि संबंदर यांनी गाइलेल्या स्थळांपैकी ते एक. देवाच्या नावाचा अर्थच 'अक्षरे जाणणारा नाथ', संस्कृतात अक्षरपुरीश्वर. अगस्त्यांना येथे शिवाने व्याकरण शिकविले अशी आख्यायिका आहे, आणि मुलांना शाळेत घालण्यापूर्वी विद्येसाठी येथे आणण्याची चाल आजही आहे. मी गेले तेव्हा एक बाप आपल्या रडणाऱ्या मुलाला पाटी धरावयास लावीत होता.

त्या घरच्या बाई सत्तरीच्या. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी गठ्ठा काढून दिला. सव्वीस अंक असल्याचे त्यांना आठवत होते. मोजता एकोणीस भरले. उरलेले सात एका संग्राहकाने दोन वर्षांपूर्वी विकत नेले होते. "चांगले तेवढे घेऊन गेला," त्या म्हणाल्या, "हे खराब म्हणाला." खराब का, ते अंक उघडताच कळले. मुंबईस रेल्वेत नोकरीला असलेले मामा दर सुट्टीत हे अंक आणीत. बाईंचा थोरला भाऊ, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, मराठी बोले पण त्याला देवनागरी येत नसे. त्याने प्रत्येक फुग्याच्या कडेला, जागा मिळेल तेथे, पेन्सिलीने तमिळ अक्षरांत तेच मराठी वाक्य लिहून ठेवले होते. आरंभी आईकडून वाचून घेऊन, कारण तिला पोथीपुरती देवनागरी येई. नंतर स्वतःच्या बळावर.

या पेन्सिलीच्या अक्षरांपाशी मी तीन दिवस बसले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. त, थ, द, ध यांना एकच. तमिळ लिपीत संस्कृत स्तोत्रे छापताना त्या अक्षरावर २, ३, ४ असे आकडे घालून हा भेद दाखवितात. मुलाने घरातल्या स्तोत्रांच्या पुस्तकांतली ती युक्ती उचलून वेताळाला लावली होती! 'भूत' लिहिताना 'प'वर चार; 'खून' लिहिताना 'क'वर दोन. विष्णुसहस्रनामाची लेखनपद्धती डेंकालीच्या अरण्यात अशी कामी आली. एकाच अक्षराशी तो कोठेही अडखळलेला नाही, आणि ते म्हणजे ळ. तमिळमध्ये तो वर्ण आहे, मराठीत आहे. प्रमाण हिंदीत नाही. 'वेताल' असते तर त्याला ते परक्याचे नाव वाटले असते की नाही, सांगता येत नाही; 'वेताळ' मात्र त्याने पहिल्या पानावर एका फटक्यात लिहिले आहे, न खोडता.

अंकांवरील क्रमांक धरून मी ते ओळीने लावले. पहिल्या सहा अंकांत प्रत्येक फुगा उतरविलेला आहे. सातव्यात जोडाक्षरे असलेली वाक्ये तेवढी. अकराव्यात पानाला दोन-तीन शब्द. चौदाव्यानंतर कडा कोऱ्या. म्हणजे या एकोणीस अंकांत एक मूल मराठी वाचावयास शिकले, आणि ते कोठे शिकले, हे पानावर बोट ठेवून दाखविता येते. वाचनाचा इतका उघडा पुरावा मी दुसऱ्या कोणत्याही मराठी ग्रंथाच्या बाबतीत पाहिलेला नाही. संग्राहकाने नेलेले सात अंक बहुधा त्यानंतरचे, कोऱ्या कडांचे असणार. आणि त्याच्या दृष्टीने त्याची निवड अगदी बरोबर होती. त्याला अंक हवे होते. पेन्सिल नको होती. त्याने म्हणे बाईंना सुचविलेही होते की रबराने पुसून ठेवा, पुढच्या वेळी हेही नेईन.

संग्राहकाला दोष देणे सोपे आहे, म्हणून मी तो देणार नाही. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या नावाच्या, पाट्या रंगविण्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने आयुष्यभर जमविलेल्या छापील कागदांवर चेन्नईचे मोठे संशोधन-ग्रंथालय उभे आहे. १९९२ मध्ये तो वारल्यावर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह अखंड घेतला. 'अखंड' हा शब्द महत्त्वाचा. पाट्या रंगविणाऱ्याने काय ठेवावे आणि काय टाकावे याचा विचार केला नाही, म्हणून आज तमिळ समाजेतिहासाचे अभ्यासक तेथे जातात. आमचे मराठी संग्राहक क्रमांक पुरे करतात, पण एका घरातील गठ्ठा फोडून दुसऱ्या घरातील मालिका पुरी होते, आणि पुऱ्या झालेल्या मालिकेत कोण काय वाचीत होते याचा मागमूस राहत नाही. इन्नंबूरच्या गठ्ठ्यात मराठी अंकांच्या खाली 'मुत्तु कॉमिक्स'चे चार तमिळ अंक होते. त्यांच्या कडा पहिल्यापासून कोऱ्या. ते शेजारी होते म्हणूनच पेन्सिलीचा अर्थ लागला. वेगळे केले असते तर दोन्ही मुके झाले असते.

यावर कोणी म्हणेल, ही समाजशास्त्राची सामग्री झाली, साहित्यटीकेची नव्हे. मला तसे वाटत नाही. अनुवादकाने बेतलेले आखूड, क्रियापद गाळलेले वाक्य वाचता येण्याजोगे होते की नाही, याचा निर्णय मी माझ्या अभिरुचीवरून देत होते. तो त्या मुलाने आधीच दिलेला होता. जेथे अनुवाद सरळ आहे तेथे त्याची पेन्सिल सरळ धावते. जेथे इंग्रजी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून मराठी शब्द कोंबले आहेत तेथे त्याने शब्दक्रम बदलून लिहिले आहे, आणि आठ-नऊ ठिकाणी तरी त्याचे वाक्य छापलेल्या वाक्यापेक्षा चांगले आहे. तंजावरी बोलीतले आहे, पण चांगले आहे. संपादक म्हणून मी ते स्वीकारले असते.

गठ्ठा एखाद्या संस्थेकडे द्यावा, असे मी सुचवून पाहिले. बाईंनी नकार दिला. भाऊ आता हयात नाही, त्याच्या हस्ताक्षरातले घरात दुसरे काही नाही, असे त्या म्हणाल्या. त्यापुढे मला काही बोलता आले नाही. त्यांनी सर्व पानांची छायाचित्रे मात्र घेऊ दिली, आणि पाहिजे त्याला दाखवा म्हणाल्या. अकादमीने किंवा अन्य कोणी अशा घराघरांतील गठ्ठ्यांची निदान नोंद करावी, ते जेथे आहेत तेथेच ठेवून, कडांवरील खुणांसह. एवढी मागणी मी या लेखाच्या द्वारे करते.

नवव्या अंकाचे शेवटचे पान फाटलेले आहे. वेताळ चाच्यांच्या गलबतावर चढला आहे, आणि पुढे काही नाही. निघताना बाईंनी त्याच अंकाविषयी विचारले. तो अंक कोठे मिळाला तर विकत घेऊन पाठवू नका, म्हणाल्या, त्या एका पानाची प्रत तेवढी पाठवा. भाऊ ते पान पुष्कळ दिवस शोधीत असे. पुणे आणि मुंबई येथे मी ते पाहिले. दर्यागंजला मराठी अंक सहसा येत नाहीत, तरी तेथे सांगून ठेवले आहे.